कोमट बाटली

रागाचं म्हणाल तर तो मला येत नाही, तो माझ्याकडे राहायलाच असतो. दादा मला लहानपणापासून लवंगी म्हणतो ते काही उगाच नाही. त्यामुळे त्या गुरुवारी सकाळी आमच्या खाणीचा भूगर्भवाला प्रयोगशाळेत शिरला, माझ्या नुकत्याच पुसलेल्या टेबलावर नारळाएवढा दगड आदळला आणि "मॅडम, हा फसफसत नाही" म्हणाला, तेव्हा त्याचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

"आधी तो उचला. मग बोला."

त्याने उचलला. चारच महिने झाले होते त्याला येऊन. गळ्यात सदान्‌कदा भिंग लटकवलेलं, म्हणून सगळी खाण त्याला भिंगवाला म्हणायची. माणूस वाईट नव्हता, पण दगड दिसला की त्याला समोरचं माणूस दिसायचं नाही.

"तुमच्या अहवालात हा करडा दगड गुणी म्हटलाय. भरपूर चुना आहे म्हणून," तो म्हणाला. "मी आत्ता खाणीत उभं राहून यावर अॅसिडचा थेंब टाकला. एक बुडबुडा नाही."

"मग तुमचं अॅसिड मेलेलं असेल."

इथे थोडं थांबून सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमची खाण उघडी. बोगदा वगैरे भानगड नाही. वरची माती आणि दगड सोलून काढायचे, खालचा कोळसा उचलायचा. सोललेल्याचे पुढे डोंगर होतात. त्या डोंगरांवर पाऊस पडतो, पाणी आत झिरपतं आणि खालून बाहेर येतं. ते पाणी कसं असेल हे आधीच सांगायचं, हे माझं काम. दगडात मी दोनच गोष्टी बघते. एक गंधक. त्याचे बारीक चमचमते कण असतात, त्यांना हवा-पाणी लागलं की आम्ल सुटतं, पाणी नारिंगी होतं आणि त्यात काही म्हणजे काही जगत नाही. दुसरा चुना. तो आम्ल मारतो. दगडाची पूड करून तिच्यावर अॅसिडचा थेंब टाकला आणि फसफसलं, की चुना आहे. मग मोठी चाचणी करून तो किती आहे ते काढायचं. चुना जास्त निघाला तर दगड गुणी.

तीन वर्षांपूर्वी मी या करड्या दगडाचे एक्केचाळीस नमुने तपासले होते. एकूण एक फसफसले. गंधक धरूनसुद्धा टनामागे अठरा किलो चुना शिल्लक. मी खाली झोकात सही ठोकली. त्या सहीवर ठरलं की नवा भाग उघडेल तेव्हा हा दगड ओहोळाच्या माथ्यावरच्या घळीत टाकायचा. आणि नवा भाग उघडत होता येत्या सोमवारी.

त्या ओहोळावर, अडीच किलोमीटर खाली, माझ्या दादाची अकरा तळी आहेत.

दादा मत्स्यबीज करतो. अंड्यातून निघालेली जिऱ्याएवढी पिल्लं वाढवून बोटभर करायची, ती बोटुकली लोक लांबून येऊन घेऊन जातात. सगळं पाणी त्या ओहोळाचं. तीन वर्षांपूर्वी आजूबाजूचे सगळे खाणीकडून दुसरीकडे जागा घेऊन निघून गेले. दादालाही जागा मिळत होती, चांगली मिळत होती. तो मला विचारायला आला, "लवंगी, खरं सांग, जाऊ का राहू?" मी म्हटलं, "माझी सही आहे ना त्यावर? मग रहा की खुशाल." तो राहिला. माझ्या अहवालाची प्रत प्लास्टिकमध्ये घालून त्याने पिल्लांच्या शेडमध्ये खिळ्याला टांगली.

आणि गेला महिनाभर तो माझ्याशी बोलत नव्हता. फोन केला की वहिनी उचलायच्या, "वन्सं, ते तळ्यावर आहेत." मला वाटलं, त्याने मिशीला कलप लावला होता आणि मी चारचौघांत हसले होते, त्याचा राग असेल. म्हटलं, बसू दे रुसून.

तर, भिंगवाला. मी त्याच्या दगडाचा एक टवका काढला, खलात कुटला, माझी थेंबाची बाटली घेतली आणि त्याच्या डोळ्यांदेखत थेंब टाकला. फस्स! असा फेस आला की बस्स.

"घ्या," मी म्हटलं. "आता पाणी प्या आणि कामाला लागा."

तो गेला नाही. त्याने खिशातून स्वतःची बाटली काढली आणि त्याच पुडीच्या दुसऱ्या चिमटीवर थेंब टाकला. काही नाही. थेंब नुसता बसून राहिला.

"म्हटलं ना, मेलंय."

"कालच भरलंय, मॅडम. तुमच्याच कपाटातल्या मोठ्या बाटलीतून. तुम्हीच दिलंत. ओरडून दिलंत."

दिलं होतं खरं. एक अॅसिड, एक पूड, आणि दोन उत्तरं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याच्या हातातली बाटली हिसकली आणि तिथेच थांबले. कारण माझ्या डाव्या हातात माझी बाटली होती, उजव्या हातात त्याची, आणि उजवा हात गार पडला होता.

माझी बाटली कोमट होती.

नमुने वाळवायची आमची भट्टी टेबलाला लागूनच आहे. तिच्या टपावर पत्र्याला एक पोचा आलाय, त्यात थेंबाची बाटली अगदी मापाची बसते. हाताशी येते, कलंडत नाही. गेली नऊ वर्षं मी ती तिथेच ठेवतेय. भट्टी दिवसभर चालू. नऊ वर्षांत एकदासुद्धा माझ्या मनात आलं नाही की बाटली तापते.

"भिंगवाले," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच वेगळा वाटला, "कोमट अॅसिडला फसफसतं आणि गारला फसफसत नाही, असं काय असतं हो?"

त्याने भिंग डोळ्याला लावून दगड फिरवला. "साल तपकिरी, आत करडा, वजनाला जड. हा चुना नाही, मॅडम. चुन्याचा सावत्र भाऊ आहे, लोखंडाचा. तुमच्या चाचणीत तो अॅसिड गिळतो, अगदी चुन्यासारखं. पण उघड्यावर वर्ष-दोन वर्षांनी त्यातलं लोखंड गंजतं आणि गिळलेलं सगळं ओकून टाकतं. जमा काहीच होत नाही."

हे मला माहीत होतं! इथेच तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माहीत नसतं तर एक वेळ चाललं असतं. आमच्या नियमांच्या वहीत लिहिलेलं आहे: जड दगड गार अॅसिडला फसफसला नाही, तर मोठ्या चाचणीत पेरॉक्साइडची एक जास्तीची पायरी करायची, लपलेलं लोखंड बाहेर काढायला. माझ्याकडे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फसफसले होते. ती पायरी करायची वेळच माझ्यावर आली नव्हती.

"बसा," मी त्याला म्हटलं. "नाही, बसू नका. कपाटाच्या खालच्या फळीवर जुने नमुने आहेत, राखून ठेवलेले. कोणतेही सहा काढा. न बघता काढा!"

मी नमुने कधी टाकत नाही. घरातले लोक यावरून मला चिक्कार बोलतात, पण त्या दिवशी त्या सवयीने वाचवलं. सहा नमुने, सहा काचपात्रं. पूड, मोजून अॅसिड, उकळी, गाळणी. दुपार झाली तेव्हा सहाही पात्रांत पाणी कसं, तर आरशासारखं स्वच्छ. तीन वर्षांपूर्वी मी इथेच थांबले होते आणि खूश होऊन घरी गेले होते.

आता पेरॉक्साइड. पहिल्या पात्रात पाच थेंब टाकले. भिंगवाल्याने भिंग लावलं, जसं काही त्याची गरज होती. आधी काही नाही. मग तळाशी एक पिवळट धूर फिरला, वर चढला, गडद झाला, आणि बघता बघता अख्खं पात्र कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. दुसरं, तिसरं, सगळी सहाच्या सहा! मला काय झालं सांगू? दादाची तळी डोळ्यांसमोर येत होती, आणि तरी अंगावर सर्रकन काटा आला तो आनंदाचा. खोटं कशाला बोलू? नऊ वर्षांत इतकं स्वच्छ उत्तर मला कोणत्याच काचेत दिसलं नव्हतं. मी टेबलावर हात आपटला आणि ओरडले, "सापडलास रे चोरा!" भिंगवाला दोन पावलं मागे सरकला.

आकडे मांडले. अठरा किलो शिल्लक नव्हतेच. उलट अकरा किलो कमी. दगड गुणी नव्हता, चांगला बेरका होता.

पाच वाजता आम्ही दोघं मॅनेजरसाहेबांच्या खोलीत. साहेब म्हणजे शांत माणूस, दिवसभर थर्मासातलं गरम पाणी पितात. मी सहा पात्रं ट्रेमध्ये घालून नेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चूक कोणाची हे मी पहिल्या वाक्यात सांगून टाकलं, कारण नंतर सांगायला धीर झाला नसता.

"म्हणजे सोमवारचं सगळं थांबवू?" ते म्हणाले. "बाई, तुमची तीन वर्षांपूर्वीची एक्केचाळीस नमुन्यांची चाचणी माझ्या फायलीत आहे. सही तुमचीच. आज तुम्ही सहा ग्लास चहा घेऊन आलात. वरचे मला विचारतील, कोणती तुमची खरी? मी काय सांगू?"

"पर्याय आहे, साहेब," भिंगवाला म्हणाला. "सगळ्यात वरचा पिवळसर मातीचा थर आहे ना, तो अस्सल चुन्याचा आहे. गार अॅसिडला नुसता उसळतो. आपण तो रस्त्याच्या भरावात फुकट घालवतोय. करडा दगड ओहोळापासून लांब, सपाटीवर टाकायचा आणि तीन गाड्यांमागे एक गाडी पिवळी माती मिसळायची."

"कागदावर छान आहे. पण सगळा आराखडा बदलायचा तर मला ठोस काहीतरी पाहिजे. हा दगड उघड्यावर, पावसात ठेवला की खरंच आंबट पाणी सोडतो, हे दाखवा. किती दिवस लागतील?"

"प्रयोगशाळेत कितीही घाई केली तरी कमीत कमी बावीस आठवडे," मी म्हटलं. हे सांगताना मला रडूच यायचं बाकी होतं.

साहेबांनी थर्मासचं झाकण लावलं. "आज गुरुवार आहे, बाई."

शुक्रवारी सकाळी उठले ती सरळ दादाकडे गेले. म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी मीच सांगते. माझ्या भरवशावर राहिलाय, शिव्या घालायचा पहिला मान त्याचा.

दार वहिनींनी उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. "वन्सं, ते तळ्यावर—"

"वहिनी, आज तळ्यात असले तरी मी उडी मारणार आहे. सरका."

दादा शेडमध्ये होता. मिशी परत पांढरी झाली होती. मी दारातूनच सुरू केलं, कारण थांबले असते तर जमलं नसतं. "दादा, मी चुकले. तो करडा दगड वाईट आहे. माझी सही चुकीची आहे. मला काल कळलं."

तो जाळी धूत होता. हात थांबले. "काल?"

"काल सकाळी साडेनऊला."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी काहीतरी अशक्य बोलले. मग जाळी टाकली, म्हणाला, "चल," आणि शेडच्या मागे गेला.

मागे भिंतीला लागून, उघड्या आभाळाखाली, विटांवर दोन निळी पिंपं ठेवली होती. दोन्हींना तळाशी नळ. एक रिकामं. दुसऱ्यात काठोकाठ दगड. करडे, तपकिरी सालीचे. आणि त्या दगडांच्या नळाखाली जी बादली होती, तिच्यातलं पाणी नारिंगी होतं.

"तू सही केलीस त्याच दिवशी आणले," दादा म्हणाला. "तुमच्या ड्रिलिंगवाल्यांनी टाकून दिले होते. दोन्ही पिंपांवर पाऊस पडतो. पाऊस नसला की मी साठवलेलं पावसाचंच पाणी ओततो. खालून येईल त्यात दहा-दहा पिल्लं सोडायची आणि आठ दिवसांनी मोजायची. दोन वर्षं दगडाखालीही दहाच्या दहा. म्हटलं, लवंगीचा दगड गुणी आहे. मग मरायला लागली. आधी एखादं, मग तीन, मग सहा. गेल्या महिन्यात दहाच्या दहा गेली." त्याने नळ पिळून बंद केला. "मला वाटलं, तुला माहीत होतं. माहीत असून तू मला इथे बसवलंस."

"दादा!"

"मग दुसरं काय वाटणार? तू एवढी शिकलेली. मला पिंपात दिसतं ते तुला यंत्रात दिसलं नसेल?"

मी तिथे विटांवर बसले आणि भोकाड पसरलं. चाळीस उलटलेली बाई, पण अगदी लहान मुलीसारखी रडले. एक महिना माझा भाऊ हे एकटा घेऊन बसला होता, आणि मी समजत होते मिशी! रडता रडता त्याला भट्टी सांगितली, टपावरचा पोचा सांगितला, कोमट बाटली सांगितली. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "नऊ वर्षं? आणि कधी हाताला लागलं नाही गरम?"

"नाही रे."

"तू चहासुद्धा उकळता पितेस म्हणा," तो म्हणाला. महिन्याभरात तो माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलला ते हे वाक्य.

मी नाक पुसलं आणि मग माझं लक्ष गेलं. "दादा, मोजलीस म्हणालास. ते कुठे लिहिलंय?"

"कॅलेंडरवर. शेडमध्ये."

तीन वर्षांची तीन कॅलेंडरं, एकाखाली एक टांगलेली. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या रविवारी, त्याच्या त्या किरट्या अक्षरात: दगड १०, साधं १०. दगड १०, साधं ९. पानामागून पान. मग दगड ९. दगड ७. दगड ४. दगड ०. आणि साध्यासमोर तेच दहा, नऊ, दहा. छत्तीस महिने, एकही रविवार चुकला नव्हता!

मला काय झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मी किंचाळले. दादाचे दोन्ही हात धरले आणि त्या ओल्या शेडमध्ये त्याला गरागरा फिरवला. वहिनी धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला.

"अगं ए! माझी पिल्लं मेली आणि तू नाचतेस?"

"अरे साहेब बावीस आठवड्यांची चाचणी मागत होते! बावीस! तू तीन वर्षांची करून बसलायस! शेजारी साधं पिंप ठेवून! अरे, भल्याभल्यांना सुचत नाही ते साधं पिंप! कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे?" दादा म्हणाला. "माझ्याच पाण्यात काही खोट असली तर? दगडावर उगाच आळ नको."

मी भिंगवाल्याला फोन लावला. "जीप आणा. दोरखंड आणा. आणि दोन धट्टीकट्टी माणसं आणा, पिंप जड आहे!"

दुपारी बारा वाजता ते पिंप साहेबांच्या खोलीत उभं होतं, त्यांच्या गालिच्यावर, विटांसकट. वाटेत निम्मं पाणी भिंगवाल्याच्या पायावर सांडलं होतं आणि त्याचे पांढरे मोजे कायमचे नारिंगी झाले होते. साहेबांनी स्वतः नळ उघडला, स्वतः आम्ल मोजायचं मीटर बुडवलं. आकडा खाली खाली गेला आणि तीन पॉइंट तीनवर थांबला. साधं पाणी सातच्या आसपास असतं. तीन म्हणजे लिंबाच्या रसाकडे निघालेलं.

मग त्यांनी कॅलेंडरं घेतली. एकेक पान उलटत गेले. मला गप्प उभं राहणं किती कठीण गेलं असेल, कल्पना करा. भिंगवाल्याने माझी बाही धरून ठेवली होती.

"हे आकडे कोणी लिहिले?" साहेबांनी विचारलं.

"मी," दादा म्हणाला. तो टोपी हातात धरून दाराशीच उभा होता.

"बहीण म्हणते दगड चांगला, तिची सही आहे, आणि तरी तुम्ही तीन वर्षं दर महिन्याला मोजत राहिलात?"

"बहिणीवर विश्वास होता, साहेब. पण पिल्लांना सही वाचता येत नाही."

साहेबांनी कॅलेंडरं मिटली. थर्मास उघडला, बंद केला. मग फोन उचलला. "सोमवारचे डंपर घळीकडे जाणार नाहीत. हो, माझी जबाबदारी. आणि पिवळ्या मातीची एकही गाडी आता रस्त्यावर टाकायची नाही. एकही नाही!" फोन ठेवून भिंगवाल्याकडे वळले. "तुमचा नकाशा काढा."

नकाशा टेबलावर मावेना, म्हणून जमिनीवर पसरला. चौघंजण गुडघ्यांवर. सपाटीवर आधी पिवळ्या मातीची गादी, तिच्यावर करडा आणि पिवळा मिसळून, प्रत्येक थर रोलरने दाबून, म्हणजे हवा आत जाणार नाही. वरून चिकणमातीचं झाकण. सगळ्याच्या भोवती चर, म्हणजे टेकडीवरचं पाणी ढिगाला शिवायच्या आत बाजूने निघून जाईल. आणि ढिगाचं स्वतःचं पाणी चुनखडी अंथरलेल्या पाटातून गाळ बसायच्या तळ्यात, तिथे तपासून मगच ओहोळात. दादाने नकाशावर बोट ठेवलं. "तुमचं हे तळं उथळ आहे. जोराचा पाऊस झाला की गाळ उठेल. माझ्या तळ्यात मी मध्ये बांध घालतो, पाण्याला वळसा पडतो." भिंगवाल्याने निमूटपणे बांध काढला. मला इतका आनंद झाला होता की मी त्याला एकदासुद्धा ओरडले नाही.

पुढचे सात महिने मात्र सगळी कसर भरून काढली. मी रोज ढिगावर. तीन करड्या, एक पिवळी. चौथी करडी आली की मी गाडीसमोर उभी. दोन आठवड्यांत ड्रायव्हर मला लांबून बघूनच ब्रेक मारायला लागले. एकाने मला विचारलं, "बाई, तुम्हाला घरी कोणी नाही का?" मी म्हटलं, "आहेत. त्यांची दया येते म्हणून इथे येते." प्रयोगशाळेत थेंबाची बाटली खिडकीत गेली, आणि भिंगवाल्याने तिच्या गळ्यात दोऱ्याने एक छोटा थर्मामीटर बांधला. मी रागावले, पण काढला नाही.

आठव्या महिन्यात दोन दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गाळतळ्याच्या तोंडाशी. चरातून टेकडीचं पाणी ढिगाला वळसा घालून खळाळत चाललं होतं. पाट भरून वाहत होता. दादाच्या बांधापाशी पाणी वळत होतं आणि पलीकडे निवळत होतं. मी मीटर बुडवलं. सात पॉइंट तीन! भिंगवाल्याने त्याचं भिंग हवेत उडवलं आणि ते चिखलात पडलं. साहेब टाळ्या वाजवत होते. मी ओरडत होते, काय ते मला आठवत नाही.

दादा ओरडला नाही. त्याने पिशवीतून दहा बोटुकली आणली होती. गाळतळ्याच्या तोंडचं पाणी बादलीत भरलं, पिल्लं सोडली आणि बादली माझ्या प्रयोगशाळेत आणून ठेवली. भट्टीपासून लांब. आठ दिवस मी कामावर आले की आधी मोजायची, मग पर्स ठेवायची.

आठव्या दिवशी तो आला. जाळीने एकेक पिल्लू उचलून दुसऱ्या बादलीत सोडलं. मोठ्याने मोजलं. दहा.

मग त्याने काखेतून ती जुनी प्लास्टिकची पिशवी काढली. माझा तो चुकलेला अहवाल. पान उलटं करून कोरी बाजू माझ्यापुढे धरली आणि खिशातलं पेन दिलं. "लिही, पाणी चांगलं आहे. आणि सही कर. शेडमधला खिळा रिकामा आहे."

मी पेन घेतलं. टोपण काढलं. माझा भाऊ माझ्याकडे परत पहिल्यासारखा बघत होता, आणि ते मला किती हवं होतं हे मी कोणाला सांगू? पण हात पुढे जाईना.

"नाही करत," मी म्हटलं.

"आता काय झालं?"

"तुझ्या पिंपातही पहिली दोन वर्षं दहाच्या दहा होती, दादा."

तो वाकला. बादलीत बघत राहिला. पिल्लं एका बाजूला जमली होती.

"मग?"

"मग दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तू पिल्लं घेऊन ये. मी मीटर घेऊन येते. मोजू."

"किती दिवस?"

"मला नोकरी आहे तोवर. त्याच्यापुढे मी तुझ्याकडे येईन मोजायला."

दादाने अहवाल घडी करून परत पिशवीत घातला. माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्या दिवसाच्या तारखेपाशी त्याच्या किरट्या अक्षरात लिहिलं: तळं १०. मग कॅलेंडर माझ्याकडे सरकवलं.

"लवंगी, एवढ्यापुरती तरी करशील?"

मी आधी बादलीपाशी गेले आणि पुन्हा एकदा मोजली. दहा होती. मग आकड्याशेजारी सही केली, अगदी लहान, त्या एका दिवसाच्या चौकोनात मावेल एवढी.